अनुज्ञा मिळाली, योग्येचे काय?

पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की आयुर्वेद महाविद्यालयांच्या शल्यतंत्र विभागांत दरवर्षी नवे निवासी वैद्य रुजू होतात. धन्वंतरिपूजन होते, मान्यवरांची भाषणे होतात, पुष्पगुच्छ दिले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वैद्याच्या हाती केस पेपरांचा गठ्ठा येतो आणि बहुधा त्याच आठवड्यात त्याच्या नावापुढे रात्रपाळी लागते. ज्याने साडेचार वर्षे ग्रंथ वाचले, एक वर्ष आंतरवासिता केली आणि प्रवेशपरीक्षेसाठी आणखी काही महिने पर्यायी प्रश्न सोडविले, त्याला रात्री दोन वाजता शस्त्रकर्म झालेल्या रुग्णाच्या खाटेपाशी एकट्याने उभे राहायचे असते. त्या क्षणासाठी त्याची तयारी कोणी करून घेतली, हा प्रश्न आपल्या व्यासपीठांवर क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभीच नमूद करतो की मी शल्यतंत्राचा पदव्युत्तर नाही. बी.ए.एम.एस. झाल्यावर दोन वर्षे एका शस्त्रक्रिया रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आणि तेव्हापासून तालुक्याच्या गावी सर्वसाधारण व्यवसाय करीत आहे. अर्श, भगंदर, परिकर्तिका यांचे रुग्ण मी आपल्याच शल्यवैद्यांकडे पाठवितो. रुग्ण माझ्या शब्दावर तेथे दाखल होतो. म्हणूनच रात्री त्याच्याजवळ कोण असते आणि त्याची सिद्धता किती असते, हे विचारण्याचा मला अधिकार आहे असे मी मानतो.

एका रात्रीचा धडा

गोष्ट २००५ सालची आहे. मी रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी दुपारी अर्शाचे शस्त्रकर्म झालेला पन्नाशीचा एक शेतकरी रात्री अकराच्या सुमारास अस्वस्थ झाला. शौचास लागल्यासारखे वाटते म्हणाला, वारंवार पाणी मागू लागला. कपाळावर घाम होता. नाडी मिनिटाला एकशे दहाच्या वर होती. रक्तदाब मात्र ठीक होता. बाहेरच्या पट्टीवर रक्ताचा लहानसा डाग होता, एवढेच. दुखण्यामुळे असे होत असावे असे समजून मी केस पेपरवर लिहिलेले वेदनाशामक इंजेक्शन दिले. पाळीवरील सिस्टर, ज्यांची नोकरी जवळजवळ माझ्या वयाइतकी होती, दोनदा म्हणाल्या, “डॉक्टर, सरांना फोन करू या का?” त्याच आठवड्यात माझ्या एका सहकाऱ्याने साध्या तापासाठी रात्री फोन केला म्हणून सरांनी त्याला सर्वांसमक्ष सुनावले होते. मी म्हणालो, “थोडा वेळ पाहू.”

बारा वाजून गेल्यावर वॉर्डातील मामांचा हात धरून रुग्ण शौचास गेला आणि तेथेच कोसळला. आत साठलेले रक्त गुठळ्यांसह बाहेर आले. फोन केल्यावर सर पंधरा मिनिटांत पोहोचले. त्यांनी रक्तवाहिनी बांधली. रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. रुग्ण वाचला. घरी जाताना त्याने माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि “तुम्ही माझ्यासाठी रात्रभर जागलात” असे म्हणून आभार मानले. मी काहीच बोलू शकलो नाही. ते आभार मला आजही सलतात.

या प्रसंगी मला काय येत नव्हते, याचा मी पुढे अनेकदा विचार केला. शस्त्रकर्मानंतर पहिल्या चोवीस तासांत रक्तस्राव होऊ शकतो, गुदातील रक्त बाहेर न दिसता आत साठते, नाडी आधी वाढते आणि रक्तदाब बराच उशिरा घसरतो, हे सर्व परीक्षेत लिहून मी गुण मिळविले होते. येत नव्हत्या त्या दोनच गोष्टी. ही लक्षणे समोरच्या माणसात ओळखणे ही एक, आणि वरिष्ठांना झोपेतून उठविणे ही दुसरी. दोन्ही शिकविता येण्याजोग्या आहेत. मला त्या कोणी शिकविल्या नव्हत्या. आज वीस वर्षांनी माझ्या परिचयातील नव्या निवासी वैद्यांना विचारले, तरी उत्तर फारसे वेगळे येत नाही.

सुश्रुतोक्त क्रम

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ आणि दहावा ‘विशिखानुप्रवेशनीय’. हे दोन अध्याय एकापाठोपाठ येतात, हा योगायोग नव्हे. विशिखा म्हणजे व्यवसायाचा मार्ग. त्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीची सर्व सिद्धता आचार्यांनी क्रमाने सांगितली आहे. शास्त्राचे अध्ययन, त्याच्या अर्थाचे चिंतन, गुरूंनी केलेले कर्म प्रत्यक्ष पाहणे, स्वतः योग्या म्हणजे हाताचा अभ्यास करणे, शास्त्र दुसऱ्यास समजावून सांगता येणे आणि या सर्वांनंतर राजाची अनुज्ञा. राजानुज्ञेचे स्थान शेवटचे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या काळात ही अनुज्ञा नोव्हेंबर २०२० मध्ये आली. तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने २०१६ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत दुरुस्ती करून शल्याची ३९ आणि शालाक्याची १९ अशी एकूण ५८ शस्त्रकर्मे अधिसूचित केली. शिक्षणकाळात त्यांचे प्रशिक्षण घेऊन पदवीनंतर ती स्वतंत्रपणे करता यावीत, असा तिचा आशय होता. त्याविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबर २०२० रोजी देशभर बंद पाळला. आपणही सभा घेतल्या, निवेदने दिली आणि प्रत्येक निवेदनात सुश्रुताचार्यांचे नाव घेतले. ते योग्यच होते. परंतु ज्यांचे नाव आपण घेतले, त्यांनी लावलेला क्रम मात्र आपण उलटा केला. अनुज्ञा आधी घेतली आणि योग्या पुढे केव्हातरी होईल असे गृहीत धरले. ५८ कर्मांची सूची शल्यवैद्याने काय करावे ते सांगते. त्याने पहिल्या पंधरा दिवसांत काय शिकावे, हे ती सांगत नाही. ते काम आपले आहे.

केवळ शास्त्र जाणणारा रुग्णासमोर गोंधळतो आणि केवळ कर्म जाणणारा सज्जनांच्या आदरास पात्र होत नाही. दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे, असे आचार्यांचे मत आहे. हे दोन पंख एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, याचे उदाहरण आपल्या पुण्याच्याच इतिहासात आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाच्या नासासंधानाचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला आणि त्यातून युरोपातील शल्यविदांना या कर्माची प्रेरणा मिळाली. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या वृत्तान्तातील शल्यकर्मी पाठशाळेत शिकलेला वैद्य नव्हता. तो विटा करणाऱ्या समाजातील कारागीर होता. संहिता पाठशाळेत राहिली आणि हात कारागिराच्या घरी टिकला. आज शास्त्र आणि कर्म पुन्हा एकाच विभागात आले आहेत. ते एकाच व्यक्तीत यावेत, यासाठीच योग्या आहे.

योग्या म्हणजे काय

नववा अध्याय परीक्षेपुरता वाचून आपण पुढे जातो. वास्तविक तो कार्यशाळेचा आराखडा आहे. छेद्यकर्मासाठी कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी. भेद्यासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पिशवी. लेख्यासाठी केसांसह असलेले कातडे. वेध्यासाठी मृत पशूच्या सिरा आणि कमळाचा देठ. एष्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड, वेळू आणि सुकलेल्या भोपळ्याचे तोंड. आहार्यासाठी फणसाचा गर आणि मृत पशूचे दात. विस्राव्यासाठी मेण लावलेली सावरीची फळी. सीव्यासाठी जाड व तलम वस्त्राच्या आणि मऊ चामड्याच्या कडा. बंधनासाठी माणसाचा पुतळा. प्रत्येक कर्मासाठी वेगळा पदार्थ निवडला आहे, कारण प्रत्येक कर्मात हाताला लागणारा प्रतिरोध वेगळा असतो. पोखरलेल्या लाकडातून एषणी पुढे सरकवताना वाट कोठे आहे आणि आपण ती बळाने कोठे पाडत आहोत, हे बोटांना कळते. भगंदरात खोटा मार्ग निर्माण करणाऱ्या शिकाऊ हाताला नेमके हेच कळलेले नसते.

यांपैकी कोणती गोष्ट आज दुर्लभ आहे? भोपळा बाजारात मिळतो. बोकडाचे पाय व कोंबडीची तंगडी खाटकाकडे मिळते. जुन्या फोमच्या तुकड्यावर टाके घालता येतात, खुर्चीच्या दांड्याला दोरा बांधून एका हाताने गाठ मारण्याचा सराव करता येतो. खर्च शे-दोनशे रुपयांचा. तरीही अनेक निवासी वैद्यांचा पहिला टाका जिवंत माणसाच्या कातडीवर पडतो. याचे कारण द्रव्याभाव हे नसून, ही गोष्ट शिकविण्याजोगी आहे असे आपल्याला वाटत नाही हे आहे.

योग्या-पक्षाची योजना

माझी सूचना अशी की शल्यतंत्राच्या प्रत्येक नव्या निवासी वैद्यास रुजू झाल्यापासून पहिले पंधरा दिवस स्वतंत्र पाळी देऊ नये. या कालखंडास ‘योग्या-पक्ष’ म्हणावे. त्यात पुढील गोष्टी व्हाव्यात.

१. छायेसारखे राहणे. पहिले काही दिवस नव्या वैद्याने जुन्या निवासी वैद्याबरोबर दिवस-रात्र केवळ असावे : राऊंड, ड्रेसिंग, रात्रपाळी आणि पाळी बदलताना एकमेकांस रुग्ण सोपविणे. इंग्लंडमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी कामावर येतात. तेथील २००० ते २००८ या काळातील तातडीच्या रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बुधवारी दाखल झालेल्यांत मृत्यूची शक्यता जुलैच्या शेवटच्या बुधवारच्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी अधिक आढळली. पुढे २०१२ पासून तेथे नव्या डॉक्टरांना काम सुरू होण्यापूर्वी किमान चार दिवस सवेतन छायाकाळ देण्यात येऊ लागला. म्हणजे अडचण केवळ आपली नाही. उपाय मात्र त्यांनी आधी केला.

२. हाताचा अभ्यास. वर वर्णिलेली योग्या रोज दोन तास, वरिष्ठांच्या देखरेखीखाली आणि नोंदवहीत स्वाक्षरीसह व्हावी. क्षारसूत्र बदलण्याची कृती आधी नळीवर व्हावी, मग रुग्णावर.

३. शुद्धी. विशिखेत प्रवेश करणाऱ्याने नखे व केस कापलेले, शुचि आणि शुभ्रवस्त्रधारी असावे, ही आचार्यांची पहिली अट. आजच्या भाषेत : साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद, हस्तनिर्जंतुक द्रवाने २० ते ३० सेकंद, प्रत्येक रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर. हे भाषणात न सांगता करवून घ्यावे. याच काळात नव्या वैद्याच्या हेपॅटायटिस-बी लसीच्या मात्रा पूर्ण आहेत की नाहीत हे पाहावे. सुई टोचल्यास जखम दाबत न बसता साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब कळवावे, एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावे लागते. लाजेने लपविलेली सुई किती महाग पडते, हे वेगळे सांगावयास नको.

४. पूर्व, प्रधान, पश्चात्. या त्रिविध कर्माची विभागणी आपणास मुखोद्गत आहे. अर्श, अश्मरी, भगंदर इत्यादींचे शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे, असे सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेली १९ कलमी शस्त्रक्रिया-सुरक्षा सूचीही तीनच ठिकाणी थांबते : भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण ओ.टी.बाहेर नेण्यापूर्वी. आठ देशांतील आठ रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचेही एक होते, तिचा वापर करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि उपद्रवांचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. नव्या वैद्याने ही सूची मोठ्याने वाचण्याचे काम पहिल्या दिवसापासून करावे. सर्वांत कनिष्ठ माणसाला ओ.टी.त बोलण्याची सवय लागते, हा तिचा आणखी एक लाभ.

५. रात्रीचे उपद्रव आणि फोन. गुदगत शस्त्रकर्मानंतरचा अंतर्गत रक्तस्राव, मूत्रावरोध, औषधाची तीव्र प्रतिक्रिया आणि श्वासाचा त्रास, हे चार प्रसंग नाट्यरूपाने करून घ्यावेत. कोणी रुग्ण व्हावे, कोणी नातेवाईक, सिस्टरांनी सिस्टरच राहावे. आणि कोणत्या स्थितीत वरिष्ठांना फोन केलाच पाहिजे, याची यादी विभागप्रमुखांच्या स्वाक्षरीने नर्सिंग टेबलावर लावावी. नाडी अमुक संख्येच्या वर, इतके तास मूत्रप्रवृत्ती नाही, रुग्ण अस्वस्थ आहे आणि कारण कळत नाही, किंवा सिस्टर म्हणतात म्हणून. हे शेवटचे कलम माझ्या आग्रहाचे आहे.

६. रुग्णाशी बोलणे. संमतिपत्रावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. काय करणार, का करणार, काय बिघडू शकते, हे रुग्णाच्या बोलीत सांगता आले पाहिजे. “मी येथे शिकत आहे, माझ्याबरोबर मोठे सर आहेत,” हे वाक्य नव्या वैद्यास संकोच न करता म्हणता यावे. रुग्ण त्यामुळे दूर जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. पंधरा दिवस वॉर्ड कोणी सांभाळायचा? अडचण खरी आहे. परंतु हा काळ दरवर्षी येतो आणि आधीच ठाऊक असतो. त्या पंधरवड्यात ठरवून करावयाची शस्त्रकर्मे थोडी कमी ठेवावीत आणि अध्यापकांनी आळीपाळीने रात्री थांबावे. आपल्या काही संस्थांत आंतररुग्णांची संख्या केस पेपरवर जितकी दिसते तितकी खाटांवर दिसत नाही, हे आपण सर्व जाणतो. जेथे रुग्णच अल्प आहेत, तेथे मनुष्यबळाची सबब टिकत नाही. उलट तेथे योग्येची गरज अधिक आहे.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा. “आम्ही असेच शिकलो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.” ज्येष्ठांविषयी पूर्ण आदर राखून विचारावेसे वाटते की आपण पाण्यात पडलो तेव्हा बुडण्याचा धोका कोणाला होता? माझ्या बाबतीत तो त्या शेतकऱ्याला होता. शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत भोपळ्याने द्यावी, रुग्णाने देऊ नये, हाच नवव्या अध्यायाचा गाभा आहे.

तिसरा आक्षेप असा की आपण कितीही तयारी केली तरी टीकाकार बोलणारच. बोलू द्यावे. क्षारसूत्रास आज जो मान आहे तो निवेदनांनी मिळाला नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम वर्षानुवर्षे चालविले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची बहुकेंद्री चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत क्षारसूत्राने भगंदराचा पुनरुद्भव ४ टक्के, तर शस्त्रक्रियेने ११ टक्के आढळला. व्रण भरण्यास मात्र ४ ऐवजी ८ आठवडे लागले, हेही त्याच चाचणीने सांगितले. लाभ आणि मर्यादा दोन्ही मोजून मांडल्या, म्हणून विश्वास निर्माण झाला. नव्या शल्यवैद्याची नोंदवहीही अशीच असावी : किती कर्मे पाहिली, कितींत साहाय्य केले, किती देखरेखीखाली केली, कोठे चुकले.

संघटनेकडून अपेक्षा

वैद्यबंधुभगिनींनो, हे सर्व आयोगाने किंवा विद्यापीठाने आदेश काढून करावे, अशी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या संघटनेने दोन गोष्टी याच वर्षी कराव्यात. एक, शल्यतंत्रातील अनुभवी अध्यापक, एखादे भूलतज्ज्ञ आणि एखाद्या ज्येष्ठ परिचारिका यांची छोटी समिती नेमून योग्या-पक्षाची पंचवीस-तीस पानी पुस्तिका मराठीत तयार करावी. परिचारिकेस समितीत अवश्य घ्यावे. रात्रीचा वॉर्ड त्यांच्याइतका कोणास ठाऊक नसतो. दोन, जिल्हा शाखांनी आपल्या परिसरातील महाविद्यालयाशी बोलून एका ठिकाणी तरी हा पंधरवडा प्रत्यक्ष घेऊन पाहावा आणि त्याचा वृत्तान्त या त्रैमासिकात छापावा. काय जमले नाही, तेही लिहावे.

माझ्यासारख्या सर्वसाधारण व्यावसायिकांनीही एक करावे. ज्या रुग्णालयात आपण रुग्ण पाठवितो, तेथे एकदा विचारावे की रात्री कोण असते आणि त्याला फोन करण्याची मुभा आहे का. प्रश्न साधा आहे. पण पाठविणाऱ्या वैद्याने तो विचारला तर त्याचे उत्तर द्यावे लागते.

मागील महिन्यात माझ्याकडे आंतरवासिता केलेली एक विद्यार्थिनी शल्यतंत्रास प्रवेश मिळाल्याचे सांगण्यास आली. नमस्कार करून म्हणाली, “सर, काही सांगा.” ग्रंथांविषयी तिला सांगावे असे माझ्याजवळ काही नव्हते, ते तिने माझ्याहून चांगले वाचले आहेत. मी तिला एवढेच सांगितले की सिस्टर दुसऱ्यांदा म्हणाल्या की फोन करावा, सर रागावले तरी करावा. तिने ते वहीत लिहून घेतले. हे तिला तिच्या विभागाने पहिल्याच दिवशी सांगितले असेल, अशी आशा आहे.